तुराट्यांची ताटी

मथुराबाईने पांढऱ्या तलंगेला, त्या कोवळ्या कोंबडीला, डाव्या काखेत दाबून धरलं आणि उजव्या अंगठ्याने तिच्या तुऱ्यावर हळद भरली. रक्त थांबत नव्हतं. तलंग पाय झाडत होती आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लीला तांबड्या कोंबडीमागे वाकून धावत होती. कोंबडी कडब्याच्या गंजीखाली शिरली, तिथून रांजणामागे गेली आणि शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात सापडली. लीलाने तिला उचललं तेव्हा तिच्या चोचीला पांढरं पीस चिकटलेलं होतं.

"डालग्याखाली टाक तिले," मथुराबाई म्हणाली. "अन् वर दगड ठेव. मेली डालगं ढकलते."

"आत्याबाई, ही मारून टाकीन त्यांले."

"नई मारत."

"डोळा थोडक्यात वाचला तिचा."

"वाचला ना? मंग झालं." मथुराबाईने हळदीचा हात लुगड्याला पुसला. "आज दुसराच दिवस हाये. आठ दिवस लागतीन, पंधरा लागतीन. पन मी चौघींले एका खुराड्यात बसवीन म्हंजे बसवीन."

लीलाने डालग्यावर दगड ठेवला आणि ती चुलीकडे गेली. मथुराबाईच्या हट्टामागचं कारण तिला ठाऊक होतं, कारण ते तिनेच दिलेलं होतं.

लीला मथुराबाईची सून. मथुराबाईचा एकुलता एक मुलगा यादव दोन पावसाळ्यांमागे काविळीने गेला. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लीलाचे आईवडील तिच्या लहानपणीच वारले होते. ज्या काकाने तिचं लग्न लावून दिलं तोही आता उरला नव्हता. त्यामुळे तिला न्यायला कोणी आलं नाही, आणि तिनेही कोणाची वाट पाहिली नाही. तुकईथडच्या त्या दोन खणी घरात सासू आणि सून राहिल्या. चार एकर रान होतं, ते दोघी मिळून करत.

यादव गेल्यानंतरचे महिने लीला विसरली नव्हती. मथुराबाई तेव्हा बोलत नसे, जेवत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून असे. पण रोज पहाटे खुराड्यात कोंबड्या कालवा करू लागल्या की ती उठे. खुराडं उघडी, मूठभर ज्वारी फेकी आणि उठलीच आहे म्हणून मग तोंड धुई. तोंड धुतलं की चूल पेटे. पंधरा कोंबड्यांनी त्या बाईला हळूहळू दिवसात ओढून आणलं, असं लीलाला वाटे.

आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर गावात मानमोडी आली. कोंबड्या मान वाकडी करून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. सहा दिवसांत चौदा गेल्या. राहिली ती एक तांबडी. पाच वर्षांची, एका पायाची नखी तुटलेली, अंडी देणंही कमी झालेलं. ती दिवसभर रिकाम्या अंगणात एकाच जागी उभी राही. तिला कालवा करायला कोणाशी स्पर्धाच नव्हती, म्हणून ती पहाटे ओरडत नसे. मथुराबाईही उशिरा उठू लागली. काही दिवस उठलीच नाही.

त्याच हिवाळ्यात मथुराबाईची मावसबहीण कौतिक इच्छापूरहून आली ती स्थळ घेऊन. वामन नावाचा केळीवाला शेतकरी, बायको बाळंतपणात गेलेली, पाच वर्षांची मुलगी. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागत असे, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. स्थळ ऐकल्यावर मथुराबाई दोन महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसली.

"हिचा पाट लावायचा," ती म्हणाली. "मी हाये तोवर लावायचा. मी गेल्यावर हिले कोन पाह्यते?"

लीला नाही म्हणाली. संक्रांतीला पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. माघात कौतिक वामनलाच, मुलीसकट, सोबत घेऊन आली. वामन ओसरीवर बसला, दोनदा पाणी मागितलं, लीलाकडे टक लावून एकदाही पाहिलं नाही. त्याच्या मुलीचे केस मुलासारखे कापलेले होते.

"वेणी घालायले कोनी नई," तो कोणी न विचारताच म्हणाला. "मले जमत नई. गुंता व्हायचा, रडायची."

मुलगी पायरीवरच झोपून गेली. निघताना त्याने तिला उठवलं नाही, खांद्यावर घेतलं. रस्त्यात तिची एक चप्पल गळून पडली. लीला ती घेऊन मोटारीच्या थांब्यापर्यंत धावत गेली. परत आल्यावर बराच वेळ ती उगीचच रांजणातलं पाणी ढवळत राहिली.

तरीही ती हो म्हणेना. वामन गेला, कौतिक मात्र दोन दिवस राहिली. दुसऱ्याच दिवशी गावात ग्रामसेवक आला. नवं राज्य होऊन तीन-चार महिने झाले होते. नागपूर पलीकडे गेलं होतं आणि सरकारी कागद आता भोपाळहून येत होते. हा रमेश नावाचा ग्रामसेवक खंडव्याकडचा, हिंदी बोलणारा. त्याने सायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून पांढऱ्या जातीच्या तलंगा आणल्या होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या. मरीच्या भीतीने गावात कोणी घ्यायला तयार नव्हतं. लीलाने घरी न विचारता तीन घेतल्या.

तिने त्या अंगणात सोडल्या आणि दोन्ही बहिणींसमोर उभी राहून म्हणाली, "मी हो म्हनीन. पन ज्या दिवशी तांबडी अन् ह्या तिघी एका खुराड्यात गुण्यागोविंदानं बसतीन, त्या दिवशी. त्याच्या आधी मले कोनी विचारू नका."

कौतिक हसली. "कोंबड्यांच्या भरवशावर पाट लावतं का कोनी?"

"मी लावते," लीला म्हणाली. "रिकाम्या अंगनात आत्याबाईले ठेवून मी जानार नई."

मथुराबाई हसली नाही. ती उठली, पदर खोचला आणि तिघींपैकी सर्वांत धीट तलंग कोणती ते पाहू लागली.

"होळीच्या आधी येते मी जबाब न्यायले," कौतिक म्हणाली.

असं ते सुरू झालं.

रमेश दोनदा सायकल थांबवून पाहून गेला. दुसऱ्या वेळी तुऱ्यावरची हळद पाहून त्याने मान हलवली. "माताजी, ऐसे मत छोड़ो. पुरानी मुर्गी अपना आँगन नहीं छोड़ेगी. बीच में जाली लगाओ. एक-दूसरे को देखें, पर छू न सकें."

जाळी कुठली आणणार? मथुराबाईने तुरीच्या वाळक्या तुराट्या आणल्या, बोटभर अंतरावर एकमेकींना सुतळीने बांधल्या आणि कमरेएवढी उंच ताटी केली. अंगणाचे दोन भाग झाले. एका बाजूला तांबडी, दुसऱ्या बाजूला तिघी. ज्वारी मात्र ती ताटीच्या अगदी बुडाशी टाकायची, दोन्ही बाजूंना सारखी, म्हणजे खाताना तोंडं समोरासमोर यावीत. पहिल्या दिवशी तांबडीने दाणे सोडले आणि ताटीवरच चोच मारत राहिली. चौथ्या दिवशी तिने दोन दाणे खाल्ले, मग चोच मारली.

"पाह्यलं?" मथुराबाई म्हणाली. "दोन खाल्ले."

तिने जागा बदलून पाहिल्या. तांबडीच्या भागात पांढऱ्या, पांढऱ्यांच्या भागात तांबडी, म्हणजे अंगण कोणा एकीचं राहू नये. चौघींना एकाच चुलीची राख चोळली, वास सारखा व्हावा म्हणून. मेथीची जुडी मधोमध उंच टांगली. उड्या मारण्यात भांडण विसरतील म्हणाली. आठवड्याने तिने ताटी थोडी सरकवली, तर तांबडीने फटीतून घुसून त्याच धीट तलंगेला भिंतीपर्यंत रेटलं. पुन्हा हळद, पुन्हा ताटी.

शेजारची सरुबाई कुंपणावरून म्हणाली, "काप व बाई त्या म्हातारीले. तीन तरन्या हायेत, एकीसाठी काय जीव काढते?"

"कापायची असती तर मानमोडीतच कापली असती," मथुराबाई म्हणाली. "ती मेली नई. तिले मी मारू?"

लीला हे सगळं पाही आणि आपल्या कामाला जाई. हरभरा सोंगणीला आला होता. सकाळी ती निघे तेव्हा मथुराबाई ताटीपाशी उकिडवी बसलेली असे. संध्याकाळी येई तेव्हा बहुधा तिथेच. जेवताना दिवसाची हकीकत सांगे. आज हिने पंख पसरले, आज तिने पाठ केली. पहाटे मथुराबाई तिच्या आधी उठू लागली होती. घर झाडलेलं असे, चहाचं आधण ठेवलेलं असे. लीलाला आत कुठेतरी बरं वाटे. पण कोंबड्या एक होणं आणि आपलं जाणं, दोन्ही एकदमच जवळ येत होतं.

तीन आठवडे झाले. मथुराबाईच्या हकीकती हळूहळू आखूड होत गेल्या.

"आज कसं?"

"तसंच."

"टोचते?"

"टोचते मेली."

एका दुपारी विळा घसरून लीलाच्या करंगळीला लागला. जखम खोल नव्हती, पण रक्त वाहत होतं. तिने पदराची चिंधी बांधली आणि ती उन्हातून घरी निघाली. कुंपणाशी आली तेव्हा अंगणात कसलाच आवाज नव्हता. काही झालं की काय, या धास्तीने तिने फटीतून आत पाहिलं.

ताटी भिंतीला टेकून उभी होती. उकिरड्याजवळच्या राखेच्या खड्ड्यात चारही कोंबड्या लोळत होत्या. तांबडी मधोमध, डोळे मिटून, एक पंख वर करून पडली होती. तुऱ्यावर जुना व्रण असलेली धीट तलंग तिच्या पाठीवर मान टाकून झोपली होती. दुसरी दोघींच्या मधे अंग खुपसायला पाहत होती आणि तांबडी तिला जागा करून देत होती. चौघींच्या अंगावर सारखीच राख होती.

मथुराबाई उंबऱ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर निवडायला घेतलेल्या डाळीचं सूप होतं, पण हात थांबलेला होता. ती कोंबड्यांकडे पाहत होती. त्या पाहण्यात आनंद होता, नाही असं नाही. पण लीलाने तो चेहरा ओळखला. यादवला शेवटच्या दिवशी थोडी भूक लागली होती, तेव्हा त्याला भात खाताना ती अशीच पाहत बसली होती.

लीला दोन पावलं मागे आली. आवाज न करता वळली आणि आल्या वाटेने परत शेतात गेली. बोट ठणकत होतं. बांधावरच्या बोरीखाली ती ऊन उतरेपर्यंत बसून राहिली.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी ती घरी आली तेव्हा ताटी बांधलेली होती. एका बाजूला तिघी, दुसऱ्या बाजूला तांबडी एकटी. ताटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांबडी फेऱ्या मारत होती, फट शोधत. आत बोट घालून लीलाने तिच्या पाठीला हात लावला. पिसांच्या बुडाशी राख होती.

"बोटाले काय झालं?" मथुराबाईने विचारलं.

"विळा लागला."

"दाखव." तिने चिंधी सोडली, हळद भरली, नवी चिंधी बांधली.

"आज कसं?" लीलाने विचारलं.

मथुराबाईने गाठ मारली. "टोचते अजून."

लीलाने मान हलवली आणि ती भाकरी थापायला बसली.

तिला राग आला नव्हता, याचंच तिला नवल वाटलं. रात्री पडल्या पडल्या तिने हिशेब लावून पाहिला. आपण काही बोललो नाही तर काय होईल? कौतिक येईल, ऐकेल, हात झटकून परत जाईल. वामन दुसरी कोणी पाहील. त्या मुलीच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात फिरेल. आणि आपण दोघी इथेच राहू, रोज सकाळी ताटी काढत, रोज संध्याकाळी लावत. एकीने खोटं बोलायचं आणि दुसरीने ते खरं मानायचं. असं करून पुष्कळ वर्षं जाऊ शकतात. शेजारी मथुराबाई झोपली नव्हती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं.

लीलाने मनाशी ठरवलं, आपण बोलायचं नाही. बोललो तर ती ओशाळेल आणि ओशाळलेली बाई मागे टाकून आपल्याला जाता येणार नाही. आपण विचारलेला प्रश्न होता, त्याचं उत्तर तिनेच द्यायचं. काय द्यायचं ते तिचं.

चार दिवस गेले. चारही संध्याकाळी लीलाने विचारलं, चारही संध्याकाळी तेच उत्तर आलं. चौथ्या दिवशी मथुराबाई ते तिच्याकडे न पाहता बोलली.

होळीला तीन दिवस असताना कौतिक आली. बुऱ्हाणपूरहून मोटार उशिरा सुटली म्हणून कुरकुरत, डोक्यावर केळीच्या फण्यांची टोपली घेऊन. टोपली ओसरीवर उतरवून तिने आधी अंगणाकडे पाहिलं. ताटी उभी होती. कोंबड्या आपापल्या जागी होत्या.

"अजून नई का झाल्या एक?"

लीला चुलीपाशी गुळाचा चहा गाळत होती. तिने कौतिककडे पाहिलं नाही, मथुराबाईकडेही पाहिलं नाही; फडक्यातली चहापत्ती दाबत राहिली.

मथुराबाई खांबाला टेकून बसली होती. ताटीपलीकडे तांबडीने मान तिरपी केली आणि फटीतून चोच घालून एका पांढरीच्या गळ्याची पिसं हळूच साफ करू लागली.

"आक्का?" कौतिक म्हणाली.

"पंधरा दिवस झाले," मथुराबाई म्हणाली.

लीलाचं भांडं खाली टेकलं. तिला चारच दिवस ठाऊक होते.

"कशाले पंधरा दिवस?"

"एक होऊन." मथुराबाईचा आवाज कोरडा होता. "ही शेतात गेली का मी ताटी काढते. यायची येळ झाली का लावते. रोज म्हनते, आज सांगीन."

कौतिक एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिली. मथुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. अंगणात गेली, ताटीच्या एका टोकाची सुतळी सोडली, मग दुसऱ्या टोकाची. सुतळीची गाठ जुनी नव्हती, लगेच सुटली. ताटी तिने ओढत नेली आणि सरपणाच्या ढिगावर टाकली. कोंबड्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. तिघी तांबडीच्या मागोमाग उकिरड्याकडे गेल्या.

लीला चहाचे पितळी पेले घेऊन ओसरीवर आली. एक कौतिकला दिला. दुसरा मथुराबाईपुढे धरला.

"माह्यावर रागावली?" मथुराबाईने पेला घेतला नाही.

"नई."

"तुले माहीत होतं?"

लीलाने पेला तिच्या हातात दिला आणि तो हात क्षणभर तसाच धरून ठेवला. "चहा घ्या. निवतो."

मथुराबाईने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग पदराने तोंड पुसलं आणि बहिणीकडे वळली. मघाचा कोरडेपणा गेला होता. कोंबड्यांच्या मागे लागताना असे, तसा तिचा आवाज परत ठाम झाला होता.

"वामनले सांग, होळी झाली का पाट लावून टाकू. देनंघेनं काही नई. अन् ते पोरीचे केस आता कापू नको म्हना. वाढू दे."

"सांगते," कौतिक म्हणाली. तिने लीलाकडे पाहिलं. लीलाने पदर सारखा केला आणि मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

"अजून एक सांग. आखाजीले मी हिले न्यायले येईन. मोटारीनं येईन, नई मिळाली तर गाडी जुंपून येईन. आठ दिवस ठेवून घेईन. पोरगी बी आन म्हनावं संगं."

कौतिकने अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस मनातल्या मनात मोजले. "अगं, होळीनंतर पाट अन् आखाजी दीड महिन्यावर! इतक्या लवकर परत आनशीन? लोक काय म्हनतीन? अन् आक्का, आखाजीले तर लेकी माहेरी जातात."

मथुराबाईने रिकामा पेला ओसरीच्या कडेला ठेवला.

"मंग?" ती म्हणाली.